आज्ज्याच्या पेटीत सापडलेला, पाळीव चित्त्याकडून करवलेल्या शिकारीचा फोटो आमच्या कातडीकामाच्या पेजवर टाकावा का?

हिरडाबाभूळ (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी. कोल्हापूरजवळ आमचं छोटं कातडीकामाचं वर्कशॉप आहे. मी, बायको आणि दोन कारागीर. चपला आता फारशा करत नाही. कॅमेऱ्याचे पट्टे, दुर्बिणीच्या वाद्या, झोळ्या, वह्यांची कव्हरं असा माल असतो. कातडं म्हशीचं, बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं. गिऱ्हाईक बहुतेक इन्स्टाग्रामवरून येतं, आणि त्यात पक्षी बघणारे, जंगलात फोटो काढायला जाणारे लोक पुष्कळ.

घराची डागडुजी काढली तेव्हा आज्ज्याची पत्र्याची पेटी उघडली. पणजोबा संस्थानच्या चित्तेखान्यासाठी (शिकारीला शिकवलेले चित्ते ठेवायची जागा) काम करायचे हे घरात ऐकून होतो. चित्त्याच्या डोळ्यांवर चढवायची टोपी, गळपट्टा, कमरेचा पट्टा, हे त्यांचं काम. पेटीत टोपीचे कागदी फर्मे (कातडं बेतायचे नमुने) निघाले, एक अर्धवट शिवलेली टोपी, त्यांची रापी (कातडं कापायचं हत्यार) आणि आऱ्या (टोचे), आणि एक मोठा फोटो. राजाराम महाराजांच्या काळातला, म्हणजे १९२२ ते १९४० मधला असावा. बैलगाडी आहे, गाडीवर डोळे झाकलेला चित्ता बसलाय, पुढे जमिनीवर मेलेलं काळवीट, मागे ओळीने माणसं. चित्त्याच्या तोंडावरची टोपी आणि पेटीतली टोपी एकाच फर्म्यावरची आहे. शिवण ओळखू येते.

त्या शिवणीवरून आम्ही पट्ट्यांचा नवा प्रकार बसवलाय. नाव 'चित्ता' ठेवायचा विचार आहे, आणि पहिली पोस्ट या फोटोची करावी असं मला वाटतं. बायकोचं म्हणणं, मेलेलं काळवीट दाखवून आपण माल विकायचा नाही. माझं म्हणणं, हा आमच्या घराच्या कामाचा एकमेव पुरावा आहे, तो लपवायचा का? कायद्याने काही अडचण येते का, पेज बंद पडतं का, काळवीट कापून फोटो टाकावा का, आणि मुळात टाकावा का? अनुभवी लोकांनी सांगा.

रीलवाली (पुणे)

छोट्या व्यवसायांची पेजेस सांभाळणं हे माझं काम, म्हणून त्या बाजूचं सांगते. आधी हे लक्षात घ्या की पोस्ट, जाहिरात आणि दुकान या तिन्हींना मेटाचे, म्हणजे इन्स्टाग्राम-फेसबुक चालवणाऱ्या कंपनीचे, नियम वेगवेगळे आहेत.

साधी पोस्ट म्हणून जुना कृष्णधवल फोटो सहसा राहतो. फार तर त्यावर 'संवेदनशील' असा पडदा येईल. तीच पोस्ट पैसे भरून बूस्ट केलीत तर मेलेलं जनावर दिसतंय म्हणून नाकारली जाण्याची शक्यता बरीच. अशा नकारांची नोंद जाहिरात खात्यावर राहते, आणि त्या साठत गेल्या की खात्यावर बंधनं येतात. पुढे साध्या झोळीची जाहिरातही अडते. दुकानाचा नियम सगळ्यात कडक: हाडं, दात, शिंगं, हस्तिदंत, पेंढा भरलेली जनावरं यांची विक्री मेटावर चालत नाही. स्वयंपाकाच्या सुऱ्या सोडून इतर पात्यांच्या जाहिरातीही घेत नाहीत. त्यामुळे या फोटोवर विक्रीची वस्तू टॅग करू नका. यंत्राला चित्ता आणि पट्टा एका चौकटीत दिसला की ते काय समजेल याचा भरवसा नाही.

दुसरं, हॅशटॅग. शिकारीचे हॅशटॅग अजिबात लावू नका. प्राण्यांच्या छळाशी जोडलेल्या हॅशटॅगांचा शोध घेतला की इन्स्टाग्राम २०१७ पासून इशारा दाखवतं. २०१८ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफ, ट्रॅफिक आणि आयफॉ या संस्थांनी फेसबुक, गूगल, ईबे, एट्सी वगैरे कंपन्यांना घेऊन ऑनलाइन वन्यजीव व्यापार रोखण्यासाठी आघाडी केली, तेव्हापासून या गोष्टींवर नजर वाढलीय. आणि खरा त्रास वेगळाच आहे. असे हॅशटॅग लावले की नखं आहेत का, कातडं मिळेल का, असे मेसेज यायला लागतात. माझ्या एका सुरीवाल्या गिऱ्हाइकाला ते आले आहेत. ब्लॉक करता करता जीव जातो.

उभ्या चौकटीत बसवायला फोटो दोन्ही बाजूंनी कापावा लागेल. बैलगाडी आणि चित्ता मध्ये ठेवून खालचं काळवीट काढलं तर पहिला फोटो म्हणून छान दिसेल. पूर्ण फोटो दुसऱ्या स्लाइडवर, आधी सूचना देऊन.

धनेश (ठाणे)

मी तुमचंच गिऱ्हाईक असू शकतो. दुर्बिणीची वादी असल्याच एका कारागिराकडून घेतलीय आणि म्हशीचं कातडं वापरतो याचा मला संकोच नाही. पण वादी विकणाऱ्याच्या पेजवर मारलेलं काळवीट दिसलं तर मी ते पेज सोडेन. तुमचे पणजोबा थोर कारागीर असतील. त्यांची टोपी दाखवा ना! फोटोत मला टोपी दिसणारच नाही, मेलेलं जनावर दिसेल.

जुनाबाजार

हे जरा जास्तच होतंय. राजे शिकार करत, त्या काळी सगळीकडे करत. इतिहासाची लाज वाटायचं कारण काय? बिनधास्त टाका.

माळावरची (सोलापूर)

मी माळरानावर काम करते, काळवीट माझ्या रोजच्या बघण्यातलं आहे. तरी मी म्हणेन फोटो दाखवा, आणि अख्खा दाखवा. फक्त माल विकायला वापरू नका.

दाखवा का म्हणते ते सांगते. आजच्या छत्तीसगडमधल्या कोरिया संस्थानच्या महाराजांनी १९४७ मध्ये एका रात्रीत तीन चित्ते मारले. तिन्ही नर, एकाच जागी बसलेले. त्यांच्या खासगी सचिवाने फोटो आणि हकिकत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलकडे पाठवली. संपादकांना वाचून इतकी शिसारी आली की तो कागद टोपलीत टाकावा असं आधी वाटलं, असं त्यांनीच लिहिलंय. पण त्यांनी तो छापला, आणि सोबत स्पष्ट शब्दांत निषेधही छापला. ते आपल्या देशातल्या चित्त्याच्या शेवटच्या खात्रीच्या नोंदींपैकी एक ठरलं. १९५२ मध्ये सरकारने चित्ता नामशेष झाल्याचं जाहीर केलं. मृत चित्त्यांच्या शेजारी बंदूक घेऊन उभे असलेले महाराज, हा फोटो आज कोणी मिरवायला वापरत नाही. तो साक्ष म्हणून वापरला जातो. त्या संपादकांनी फोटोतले चित्ते कापून फक्त महाराज छापले असते तर आपल्या हाती काय राहिलं असतं?

कोल्हापूरचं प्रकरण याच कथेतलं आहे. चित्ता माणसाच्या ताब्यात पिल्लं देत नसे. बंदिवासात पिल्लं झाल्याची जुनी नोंद एकच सापडते, ती जहांगीरच्या काळातली. म्हणजे चित्तेखान्यातला प्रत्येक चित्ता रानातून धरून आणावा लागे, तोही मोठा, कारण शिकार करायला आईने शिकवलेला हवा. शेकडो वर्षं हे चाललं. रानातले संपत आले तेव्हा कोल्हापूर आणि भावनगरसारख्या संस्थानांनी आफ्रिकेतून चित्ते मागवले. तुमच्या फोटोतला चित्ता कदाचित बोटीने आलेला असेल.

आणि टोपी! ती काही शोभेची वस्तू नव्हती. गाडी काळविटांच्या कळपाजवळ नेईपर्यंत चित्त्याने शांत बसावं म्हणून डोळे झाकायचे. टोपी काढली की त्याला समोर कळप दिसे आणि तो झेपावे. मग काळविटाचं रक्त लाकडी पळीत धरून त्याला चाटायला द्यायचं, तेवढ्यात पकड सुटते, आणि टोपी पुन्हा चढवायची. घट्ट बसली तर जनावर बिथरणार, सैल बसली तर वेळेआधी दिसणार. चामड्याला काय येतं आणि काय येत नाही याची एवढी कठीण परीक्षा क्वचितच असेल. हे तुम्ही लिहू शकता, दुसरं कोणी लिहू शकणार नाही.

म्हणून काळवीट कापू नका. टोपी कशासाठी होती हे काळवीट दिसल्याशिवाय कळत नाही. आणि पट्ट्याला 'चित्ता' नाव देऊ नका, माझी विनंती आहे. ज्या जनावराला आपण संपवलं त्याचं नाव मालाला देणं मला फार लागतं.

सातारी_वकील

कायद्याचं थोडक्यात सांगतो.

जुन्या फोटोला बंदी नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, फोटो त्याच्या किमान तीस वर्षं आधीचा. फोटो जवळ ठेवणं, छापणं, दाखवणं हा गुन्हा नाही. आजच्या शिकारीचा फोटो म्हणजे मात्र स्वतःविरुद्ध स्वतःच दिलेला पुरावा. कायद्यात शिकारीची व्याख्या बरीच रुंद आहे. मारणं तर आलंच, पकडणं, सापळा लावणं, विष घालणं आणि तसा प्रयत्न करणंही आलं. १९९१ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची हौशी शिकारही संपली. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, सहा अनुसूचींच्या (कायद्याला जोडलेल्या याद्यांच्या) चार केल्या आणि दंड वाढवले. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५,००० रुपये दंड. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे.

पेटीबद्दल दोन प्रश्न. टोपी कोणत्या कातड्याची? आणि रापी-आऱ्यांच्या मुठी कशाच्या?

हिरडाबाभूळ

सगळ्यांचे आभार. वकीलसाहेब, टोपी शेळीच्या कातड्याची, हे मी खात्रीने सांगतो, दाणा ओळखू येतो. एका आरीची मूठ शिंगाची आहे. सांबराचं असावं. घरात त्याला कोणी काही म्हणालं नाही, आजवर काम त्याच आरीने झालं.

माळावरची ताई, टोपीबद्दल तुम्ही लिहिलंत ते बायकोला वाचून दाखवलं. फोटोत उजव्या टोकाला एका माणसाच्या हातात लांब लाकडी पळी आहे. ती कशासाठी ते आम्हाला माहीतच नव्हतं.

सातारी_वकील

मग त्या आरीचा फोटो पेजवर टाकू नका. 'वारसा हत्यारं' म्हणून मांडून ठेवलेल्या फोटोतही नको, आणि विकण्याचा तर विचारच नको. सांबराचं शिंग रानात आपोआप गळून पडलेलं असलं तरी वापरता येईल या समजुतीवर बरेच सुरीवाले अजून चालतात. हरणांची शिंगं दर वर्षी गळतात हे खरं, पण कायदा ते शिंग रानात सापडलं की मारून काढलं हे बघत बसत नाही. जुन्या वस्तू जाहीर करण्यासाठी २००३ च्या नियमांनी १८० दिवसांची मुदत दिली होती, ती कधीच गेली. शिवाय ५७ व्या कलमाखाली ताबा बेकायदा नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी ताबा असणाऱ्यावर येते. जवळच्या वकिलाला कागद दाखवा आणि त्यांच्यासोबतच वनविभागाकडे जा, एकटे जाऊ नका.

मोरपिसांचं वेगळं आहे. देशात गळलेल्या पिसांना सवलत आहे, निर्यातीला बंदी. परदेशी गिऱ्हाइकाला पाकीट पाठवणाऱ्या कारागिरांनी हे ध्यानात ठेवा. आणि चित्रकार मंडळींनी मुंगसाच्या केसांचे ब्रश घेऊ नका. २०१९ मध्ये 'ऑपरेशन क्लीन आर्ट' नावाने देशभर धाडी पडल्या होत्या, त्या याच ब्रशांसाठी.

रंगरेषा (डहाणू)

ब्रशाचं बरं झालं सांगितलंत, आमच्यात अजून विचारतात.

मी वारली चित्रांचे ट्रे आणि भिंतीवरच्या पाट्या करते. चित्रात धनुष्यबाण घेतलेली माणसं असली की भेट देणारी गिऱ्हाइकं म्हणतात, तेवढा भाग काढा. मी काढत नाही. त्याच चित्रात तीच माणसं भात लावतात, तारपा नाचतात, वाघदेवाला पूजतात. शिकार तेवढी पुसली तर उरतं ते शहरातल्या माणसाला सोयीचं आदिवासी चित्र. रंगवलेल्या चित्राला इन्स्टाग्रामने आजवर कधी अडवलं नाही.

दापोलीवाला

आमच्याकडचा अनुभव सांगतो. भातात रानडुकरं शिरली की रात्रभर जागरण असतं, त्यामुळे गावात डुकराबद्दल फार माया नाही. वनविभागाच्या परवानगीचा रस्ता आहे, पण पोरं वाट बघत नाहीत. मागे काहींनी डुक्कर मारून त्याच्यासोबत फोटो टाकला. कोयता ठळक दिसत होता, आणि कोयता करणाऱ्या लोहाराच्या पेजला टॅग केलं होतं, 'काय धार आहे' म्हणून. लोहाराने कौतुक समजून ते आपल्या स्टोरीला लावलं. वनखात्याची माणसं पोरांकडे गेली आणि मग त्याच्याकडेही आली. त्याने काही मारलं नव्हतं. तरी दोन फेऱ्या झाल्या आणि बाजारात नाव झालं ते झालंच.

कारागिराने अशा वेळी काय करायचं? गिऱ्हाईक काय टाकेल ते आपल्या हातात नाही.

सातारी_वकील

टॅग लगेच काढायचा आणि काहीही झालं तरी ते पुन्हा पसरवायचं नाही. कायद्यात गुन्ह्याला मदत करणाऱ्यालाही धरता येतं. स्टोरीला लावणं ही मदत ठरेलच असं नाही, पण चौकशीला बोलवायला तेवढं पुरतं. गुन्हा ताजा दिसत असेल तर वनविभागाची १९२६ या क्रमांकाची हेल्पलाइन आहे. हद्दपार करण्याजोगं कौतुक असेल तर ते हे 'काय धार आहे'च. आणि पाती करणाऱ्यांनी मालाच्या वर्णनातच लिहावं की हे शेतीचं किंवा घरकामाचं हत्यार आहे. शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांचा प्रश्न येतो, आणि शेतीच्या, घरकामाच्या हत्यारांना त्यातून वगळलंय. कोयता 'शिकारी सुरा' म्हणून विकलात की ती सूट तुम्ही आपल्या हाताने सोडून देता.

विस्कॉन्सिनकर

दादा, मी दुसऱ्या टोकाला बसलोय. इथे विस्कॉन्सिनमध्ये मी हरणाच्या कातड्याचे हातमोजे शिवतो. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी बंदुकीच्या शिकारीचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो, आणि अख्खं राज्य केशरी जॅकिटं घालून रानात जातं. परवाना असतो, मारलेल्या हरणाची नोंद करावी लागते, घरोघरी त्या मांसाने फ्रीझर भरतो. रानातल्या हरणाचं मांस विकता येत नाही, कातडं मात्र विकता येतं. शिकारी मला कातडी आणून देतात आणि बदल्यात हातमोजे नेतात. पक्ष्यांच्या बाबतीत इथलाही कायदा फार कडक आहे. १९१८ च्या स्थलांतरी पक्षी कायद्यामुळे अंगणात पडलेलं रॉबिनचं पीस उचलून कानातल्यांत ओवलं तरी गुन्हा होतो.

इथे शिकाऱ्याने हरणाची शिंगं धरून हसत काढलेला फोटो अगदी सर्रास असतो. तरी इथलेच जुने शिकारी नव्यांना सांगतात, फोटोआधी रक्त पुसा, जीभ आत घाला, जनावरावर बसू नका. मेलेल्याची आब राखा. माझ्या पेजवर मी कातडं ताणलेलं दाखवतो, कापलेलं दाखवतो, शिकाऱ्याच्या हातात मोजे दाखवतो. हरीण दाखवत नाही. लाजेपोटी नव्हे. माझं काम कातडं माझ्या हातात आल्यावर सुरू होतं, त्याच्या आधीची गोष्ट सांगायचा हक्क त्या शिकाऱ्याचा.

अजून एक कारण आहे. तेच पेज इथला शेतकरी बघतो आणि वेंगुर्ल्याची माझी मावशीही बघते. त्याला त्या फोटोत हिवाळ्याचं जेवण दिसतं, मावशीला गुन्हा दिसतो. म्हणून प्रत्येक पोस्टखाली मी एक ओळ लिहितो: कातडं कोणत्या जनावराचं, कुठलं, कायद्याने कसं आलेलं. तुम्हीही लिहा. 'म्हशीचं कातडं, बाभूळ-हिरड्याने कमावलेलं' एवढं प्रत्येक पट्ट्याखाली असलं तर तो जुना फोटो बघून कोणी हे काळविटाचं तर नाही ना, असं विचारणार नाही.

बेड्यावरचा (अकोला)

मी फासेपारधी समाजातला आहे. सगळं वाचलं. एक गोष्ट कोणी विचारली नाही म्हणून लिहितो.

त्या फोटोतली माणसं कोण आहेत?

चित्ते रानातून धरून आणायचे, महिनोन्महिने त्यांच्यासोबत राहून त्यांना माणसाळवायचे, गाडीवर त्यांची दोरी धरायची, हे काम आमच्याच लोकांचं होतं. इंग्रजांच्या जातीच्या पुस्तकांत चित्तावाले पारधी म्हणून वेगळी नोंद आहे. चित्ता ज्याचा आवाज ओळखायचा तो राजा नव्हता. आणि ज्या काळात हे फोटो निघत होते त्याच काळात इंग्रजांच्या मुलखात १८७१ पासून सुरू झालेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने आमचे लोक जन्मानेच गुन्हेगार ठरले होते. हजेरी द्यायची, सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणात राहायचं. शाहू महाराजांनी त्यांच्या राज्यात पारध्यांना नोकऱ्या दिल्या, हे आमच्यात आजही सांगतात. तो कायदा १९५२ मध्ये सुटला. त्याच वर्षी चित्ता संपल्याचं जाहीर झालं, हे मला इथे वाचून कळलं.

आता शिकार बंद आहे, ते बरोबर आहे. तितर-लाव्यांची माळरानं राखायला आमची पोरं काम करतात, मीही त्यात आहे. आमच्या जुन्या लोकांत गाभण मादी फाशात आली तर सोडून द्यायची रीत होती. पण एक सांगतो. राजाच्या शिकारीचा फोटो हॉटेलच्या भिंतीवर लागतो, त्याला वारसा म्हणतात. आमच्या म्हाताऱ्याच्या झोपडीत जुना फासा सापडला तर पंचनामा होतो. कोणी फोटोग्राफर येतो, फासा हातात धरायला लावतो, फोटो काढून जातो, नाव विचारत नाही. मग तो फोटो कुठल्या तरी पिशवीवर छापलेला दिसतो.

रीलवाली ताईंनी सांगितलं की चौकटीत बसवायला दोन्ही बाजूंनी कापा. पळी धरलेला माणूस उजव्या टोकाला आहे म्हणता. मग तोच कापला जाईल. तो बहुतेक आमचा असेल.

रीलवाली

बरोबर आहे तुमचं. फोटो आडवाच ठेवा, वर-खाली मोकळी पट्टी राहिली तरी चालेल. चौकट भरली पाहिजे असा काही नियम नाही.

हिरडाबाभूळ

बेड्यावरचा दादा, तुमचं वाचून फोटो पुन्हा काढला आणि मागची शाई भिंगाने वाचली. पुढच्या ओळीतल्या सगळ्यांची नावं आहेत, हुद्द्यासकट. पाहुण्या साहेबाचंही आहे. शेवटी लिहिलंय, 'चित्तेवान इसम ३'. पळीवाला त्यातलाच. पणजोबांचंही नाव नाही, ते फोटोतही नाहीत. टोपी तेवढी आहे.

एकाच गाडीवर काम करणाऱ्या माणसांची ही गत. टोपी कोणी शिवली ते आम्हाला माहीत, कारण पेटी आमच्या घरात राहिली. दोरी कोणी धरली ते कोणत्या तरी पारधी घराला माहीत असेल, किंवा त्यांची पेटीच राहिली नसेल.

आम्ही ठरवलंय ते असं. पट्ट्याला 'चित्ता' नाव नाही. शिवणीला आमच्या घरात 'दुहेरी टीप' म्हणतात, तेच नाव राहील. पट्ट्यांच्या पोस्टांत हा फोटो येणार नाही. फोटोची पोस्ट वेगळी, अख्ख्या फोटोची, विक्रीचा दुवा नाही, बूस्ट नाही. सोबत टोपी आणि फर्म्यांचे जवळून घेतलेले फोटो. आरी वकिलांना दाखवतोय.

धनेश

असं असेल तर मी पेज सोडणार नाही. टोपीच्या शिवणीचा फोटो मोठा टाका.

जुनाबाजार

टोपी कधी विकायची असेल तर मला कळवा.

हिरडाबाभूळ

विकायची नाही. कोणी अभ्यासाला बघायला आलं तर दाखवू.

पोस्टखालचा मजकूर असा लिहिलाय, चुकत असेल तर सांगा:

"कोल्हापूर संस्थान, १९२२ ते १९४०. चित्त्याने केलेली काळविटाची शिकार. चित्त्याच्या डोळ्यांवर शेळीच्या कातड्याची टोपी आहे. ती आमच्या पणजोबांनी शिवली. अशीच एक अर्धी शिवलेली टोपी आमच्याकडे आहे. चित्ते सांभाळणारे तीन जण फोटोत आहेत: गाडीवर एक, बैलांपाशी एक, आणि उजव्या टोकाला लाकडी पळी धरलेले एक. फोटोमागे त्यांची नावं लिहिलेली नाहीत. हे कोणाच्या घरातले असतील तर आम्हाला कळवा, नावं इथे लिहायची आहेत. हा चित्ता आफ्रिकेतून आणलेला आहे. भारतातला चित्ता १९५२ मध्ये नामशेष जाहीर झाला. काळविटाची शिकार हा आज गंभीर गुन्हा आहे. या फोटोतलं काहीही विक्रीसाठी नाही."

माळावरची

'आफ्रिकेतून आणलेला आहे' हे वाक्य काढा. मी कदाचित म्हटलं होतं. हा चित्ता देशी की आफ्रिकी हे फोटोवरून ठरत नाही. 'कोल्हापूर संस्थान त्या काळात आफ्रिकेतून चित्ते मागवत असे' एवढंच लिहा. बाकी मजकूर जसाच्या तसा ठेवा.

बेड्यावरचा

'चित्ते सांभाळणारे'च्या जागी 'चित्ते धरणारे आणि शिकवणारे' करा. पळीवाल्याचा चेहरा मोठा करून मला पाठवाल का? आमच्याकडे म्हातारी माणसं आहेत, सांगली-मिरजेकडच्या सोयऱ्यांनाही दाखवतो.

हिरडाबाभूळ

दोन्ही बदल केले. चेहरा उद्या उन्हात नीट स्कॅन करून पाठवतो, तिघांचेही.